बडनेऱ्याची खंडी आणि जगाचा भाव

अमेरिकेतील यादवीत (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांची मागणी वाढली आणि वऱ्हाडात कापूस भडकला. तेव्हा परदेशची खबर दलालाच्या तोंडून मिळे. आज ती फुकट मिळते, तरी बडनेऱ्याचे गादीवाले, पिंजारी आणि जिनिंगवाले बांधव दलालालाच विचारतात!

जागतिक बँक दर महिन्याच्या सुरुवातीस ‘पिंक शीट’ नावाचा भावतक्ता इंटरनेटवर देते. त्यात रुईचा भाव किलोला डॉलरमध्ये असतो. आपली खंडी ३५६ किलोची. समजा भाव १.७० डॉलर आणि डॉलर ८५ रुपयांचा, तर खंडी ५१,४४२ रुपयांची झाली. मे २०२२ मध्ये हाच भाव साडेतीन डॉलरवर गेला, तेव्हा इथे खंडीने एक लाख ओलांडले होते.

मात्र हा भाव पूर्व आशियाच्या बंदरात पोचलेल्या मालाचा, जहाजभाड्यासह आणि महिन्याच्या सरासरीचा आहे. रोजच्या सौद्याला तो चालणार नाही. दलालाचा आकडा फार लांब असेल तर कारण विचारण्यापुरता तो पुरे. आयात शुल्कही पाहावे. २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत ११ टक्के शुल्क माफ होते, म्हणजे परदेशी गाठ तेवढी स्वस्त.

देशोदेशीचे पीक पाहायचे तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे १९६१ पासूनचे आकडे आहेत. ब्राझीलचा शेतकरी हेक्टरी आपल्या सुमारे चौपट रुई काढतो. तक्ते इंग्रजीत आहेत; घरातल्या कॉलेजच्या मुलामुलीकडून महिन्याला एक ओळ वहीत उतरवून घ्यावी, शेजारी बडनेऱ्याचा भाव लिहावा.