गुरांच्या रक्तातील सूक्ष्म परोपजीवी

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गुरे बहुधा जंगलात चरतात. तेथे गोचीड व रक्त पिणाऱ्या माश्या विपुल असतात आणि त्यांच्याद्वारे काही सूक्ष्म जीव गुरांच्या रक्तात शिरतात. त्यांची ओळख शिक्षकबंधुभगिनींस असणे इष्ट आहे.

पशुवैद्य जनावराच्या कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून, गिम्सा रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. परोपजीवी तांबड्या पेशीच्या आत आहे की बाहेर, हा पहिला प्रश्न. बाबेसिया आत असतो. पेशीत नासपतीच्या आकाराची जोडी दिसते. पेशी फुटत असल्यामुळे लघवी तांबडी होते. थायलेरियाही आतच, परंतु फार लहान, अंगठीसारखा. तो आधी पांढऱ्या पेशींत वाढतो, म्हणून गाठी सुजतात. संकरित गाईंस तो विशेष घातक होय. दोहोंचा प्रसार गोचिडांमार्फत होतो.

सर्राचा परोपजीवी मात्र पेशींच्या बाहेर असतो. ताज्या रक्तात तो माशासारखा वळवळतो व त्याची लांबी तांबड्या पेशीच्या कित्येक पट भरते. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात तो शोधला. चावणाऱ्या माशीच्या तोंडाला लागलेल्या रक्ताबरोबर तो दुसऱ्या जनावरात जातो. घोडा याने दगावतो. गाय-बैल पुष्कळदा वरून धडधाकट दिसतात आणि रोग वाहत राहतात. रक्तातील त्याची संख्या कमीजास्त होत असल्याने एकच काचपट्टी स्वच्छ निघाली म्हणून निश्चिंत होता येत नाही.

हा रोग माणसास होत नाही, असाच समज होता. परंतु २००४ साली सिंदेवाही तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परोपजीवी आढळला. ताप महिनोन् महिने येई व जाई. आफ्रिकेतील निद्रारोगावरील जुने औषध सुरामिन देऊन तो बरा झाला. २००६ साली कारण उलगडले : मनुष्याच्या रक्तातील जे प्रथिन या जीवाचा नाश करते, ते त्या शेतकऱ्याच्या रक्तात मुळीच नव्हते. गावातील १८०६ जणांची तपासणी झाली. काहींच्या रक्तात प्रतिपिंडे दिसली, पण परोपजीवी आढळला नाही.

जनावर ताप येऊन चारा सोडील, वाळत जाईल किंवा तांबडे मुतेल, तर पालकांस पशुवैद्यकीय दवाखान्याकडे धाडावे. मुलांनी गोचीड बोटांनी चिरडू नयेत. हातास जखम असता जनावराच्या रक्तास स्पर्श करू नये.