न दिसणाऱ्या तटाचे राखणदार

गड बांधावयास पैसा व पाथरवट लागतात. पण गड राखावयास माणसें लागतात, ही गोष्ट महाराष्ट्रास निराळी सांगावयास नको. शिवछत्रपतींनीं गडोगडीं हवालदार, सबनीस व सरनोबत असे सारख्या दर्जाचे तीन अधिकारी नेमिले. हेतु हा कीं, कोणा एकट्याच्या फितुरीनें वा गाफीलपणानें गड हातचा जाऊं नये. आज आपल्या घरांतील दिवा, नळाचें पाणी, आगगाडीचे सिग्नल, इस्पितळांतील नोंदी हीं सर्व संगणकाच्या हुकमतीखालीं आलीं आहेत. ह्या नव्या गडाचा तट डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणूनच तो राखणारीं माणसें कोण, व तीं तयार कशीं होतात, हा प्रश्नहि सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो आज आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

युक्रेन देशांत २३ डिसेंबर २०१५ रोजीं, ऐन हिवाळ्यांत, तीन वीजवितरण कंपन्यांवर एकाच दिवशीं हल्ला झाला. नियंत्रणकक्षांतील संगणकाच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलूं लागला, आणि कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एकामागून एक उपकेंद्रें बंद पडत गेलीं. सुमारें २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. लोकांनीं तक्रार करावी, तर दूरध्वनीच्या वाटा हल्लेखोरांनीं खोट्या कॉलांनीं तुंबवून टाकिल्या होत्या! हे चोर त्याच दिवशीं आंत शिरले होते असें मात्र नव्हे. कित्येक महिने आधीं कर्मचाऱ्यांस आलेल्या ई-मेलांस फसवीं कागदपत्रें जोडलेलीं होतीं. तीं उघडलीं गेलीं, त्या वाटेनें हे आंत आले, आणि पासवर्ड हस्तगत करून घरची रीतभात न्याहाळीत दबा धरून बसले.

मग वीज परत आली कशी? कर्मचारी स्वतः उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनीं हातानें स्विच लाविले. त्यामुळें एक ते सहा तासांत पुरवठा पूर्ववत् झाला. शत्रूस वाट मिळाली ती माणसाच्या गाफीलपणामुळें, आणि संकट टळलें तेंहि माणसाच्या जाणतेपणामुळेंच.

हें परदेशांत घडलें, त्याचें आपणांस काय, असें कोणी म्हणेल. परंतु २०१९ सालीं कुडनकुळम् अणुवीजकेंद्राच्या प्रशासकीय संगणकांपैकीं एकांत घातक प्रणाली सांपडल्याचें तेथील चालकसंस्थेनें मान्य केलें. नोव्हेंबर २०२२ मध्यें दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक ठप्प झाले, व कित्येक दिवस सारें काम कागदावर चालवावें लागलें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज जाऊन लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या, हें तर कित्येक वाचकांनीं अनुभविलेंच असेल. त्यामागें सायबर घातपात असावा, असा संशय पुढें राज्याच्या गृहमंत्र्यांनीं बोलून दाखविला. केंद्रीय वीजमंत्र्यांनीं तें मानवी चुकीनें झाल्याचें सांगितलें. खरें कांहींहि असो. अशा संशयाचा छडा लावावयाचा तरी जाणतीं माणसेंच हवींत.

आणि हें जाणतेपण दुहेरी असावें लागतें. कचेरींतील संगणकाविषयीं संशय आला, तर तो बंद करून दुरुस्त करितां येतो. वीजकेंद्राचें किंवा जलशुद्धीकरणाचें तसें नाहीं. तेथील नियंत्रणयंत्रें कित्येकदां पंधरापंधरा वर्षें अखंड चाललेलीं असतात. तीं मनास येईल तेव्हां थांबविणें हाच एक अपघात ठरावयाचा. अमेरिकेंतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००७ सालीं प्रयोग करून दाखविलें कीं, केवळ संगणकावरून चुकीच्या आज्ञा देऊन एक प्रचंड डिझेल जनित्र मोडून टाकितां येतें. सारांश, ज्यास संगणक कळतो पण टर्बाइन कळत नाहीं, तो अपुरा. आणि ज्यास टर्बाइन कळतें पण संगणक कळत नाहीं, तोहि अपुराच. ही विद्या नुसत्या पुस्तकांनीं येत नाहीं. पोहणें जसें पाण्यांत, तशी ही प्रत्यक्ष सरावांतच येते. एका तुकडीनें हल्ला करावा, दुसरीनें परतवावा, अशी तालीम लागते. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें वीजजाळ्यासारख्या व्यवस्थांच्या प्रतिकृति उभारून असें संशोधन चालतें, ही समाधानाची गोष्ट होय.

सरकार स्वस्थ बसलेलें नाहीं. ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून काम करीत आहे. वीज, दळणवळण, बँका इत्यादि मर्मस्थानांच्या रक्षणासाठीं २०१४ सालीं स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र निघालें. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणानें पांच वर्षांत पांच लक्ष तज्ज्ञ तयार करण्याचा संकल्प सोडिला होता. आय.एस.सी.-टू ह्या व्यावसायिक संस्थेच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणें जगांत ह्या क्षेत्रांत सुमारें चाळीस लक्ष माणसें कमी पडत होतीं. हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावी, असा सर्ट-इनचा २०२२ चा आदेश आहे. पण हल्ला झाला हें ओळखणारा डोळाच जागेवर नसेल, तर वर्दी देणार कोण?

हा डोळा घरांतच तयार होतो. मुलांनीं कोणती विद्या घ्यावी ह्याचा निर्णय आपल्या एकत्र कुटुंबांत वडीलमंडळींच्या विचारानें होतो. ह्या कामांत रात्रपाळी आहे. आणि काम उत्तम झालें तर कांहींच घडत नाहीं, त्यामुळें वाहवाहि नाहीं. म्हणून घरचीं माणसें नाक मुरडतात. मुलीनें वा सुनेनें हें नांव काढिलें तर अधिकच. डॉक्टरीण झालेल्या सुनेची रात्रपाळी ज्या घरानें कौतुकानें पत्करिली, त्या घरास ही जड कां व्हावी? तसेंच, वीजखात्यांतून निवृत्त झालेले वडीलधारे आज अनेक घरांत आहेत. संगणकाच्या मदतीवांचून उपकेंद्र चालविण्याची त्यांची हातोटी ही देशाची ठेव आहे. ती तरुणांच्या तालमींत उतरली पाहिजे.

बारावीच्या निकालानंतर घरोघर जी खलबतें चालतात, त्यांत वैद्यकी व स्थापत्याबरोबर ह्या विद्येचेंहि नांव निघावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.