‘बरा झाला’ म्हणजे काय?

डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेला माणूस शुद्धीवर आला, चालू-बोलू लागला, की ‘वाचला, बरा झाला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मानसशास्त्राचा अभ्यास करताना मला प्रश्न पडला, की वाचणे आणि बरे होणे या दोन गोष्टी एकच आहेत काय?

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली बेशुद्धी मोजण्याची पट्टी सुचविली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टी पाहून तीत ३ ते १५ गुण देतात. परंतु ही पट्टी त्या घटकेची अवस्था सांगते. पुढे काय झाले ते सांगत नाही. म्हणून १९७५ साली जेनेट आणि मायकेल बाँड यांनी दुसरी पट्टी दिली. तिच्या पाच पायऱ्या अशा : मृत्यू, डोळे उघडे पण जाणीव नाही अशी स्थिती, रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारे तीव्र अपंगत्व, स्वतःचे स्वतः करता येते, पण पूर्वीचे जीवन जमत नाही असे मध्यम अपंगत्व, आणि चांगली सुधारणा. मोजणी साधारणतः सहा महिन्यांनी करतात.

या दोघांनी एक मार्मिक गोष्ट नोंदविली. माणसाचे सामाजिक जीवन विस्कटण्यात शारीरिक व्यंगापेक्षा मानसिक बदलांचा वाटा पुष्कळदा मोठा असतो. लंगडणारा पाय सर्वांना दिसतो. विसरभोळेपणा, चिडचिड, निरुत्साह मात्र घरच्यांनाच जाणवतो, आणि बाहेरचे त्याला आळस म्हणतात!

अशा मोजणीचा उपयोग काय? अशा रुग्णांना स्टेरॉइड औषधे देण्याचा प्रघात अनेक वर्षे होता. ‘क्रॅश’ या चाचणीत १०,००८ रुग्णांचा अभ्यास झाला. २००४ साली निष्कर्ष आला : दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १८ टक्के. सहा महिन्यांनंतरही औषधाचा लाभ दिसला नाही. सद्‌हेतूने दिलेले औषध घातक ठरत होते, आणि ते मोजल्यावाचून कळले नसते.

तेव्हा मित्रहो, अपघातातून उठलेला एखादा सोबती वर्गात परतला, तर त्याच्या डोक्यावरची जखम भरली एवढ्यावरून तो बरा झाला असे समजू नका. त्याला दोनदा सांगावे लागले तर दोनदा सांगा. त्याची सुधारणा कदाचित अजून चालूच असेल.