घास, खुर्ची आणि पाटी

समजा, लालबागच्या एखाद्या चाळीतली सहा वर्षांची मुलगी तुमच्या वर्गात आली. मान स्थिर राहत नाही, लाळ गळते, बोललेले समजत नाही. तिला 'मतिमंद' म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु सेरेब्रल पाल्सी असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांची बुद्धी शाबूत असते.

या विकारात जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. ही इजा पुढे वाढत नाही. मग उपचार वर्षानुवर्षे कशासाठी? कारण शरीर वाढत असते. हाड लांबते, पण सतत ताठ राहिलेला स्नायू त्या वेगाने लांबत नाही. टाच उचलली जाते, गुडघा वाकतो, खुब्याचा सांधाही हळूहळू जागेवरून सरकू शकतो.

इथे एकटा डॉक्टर अपुरा पडतो. साधा घास गिळण्याचेच पाहा. वाचा-उपचारतज्ज्ञ जिभेच्या व ओठांच्या हालचाली तपासतात. पण मान मागे कलंडलेली असेल, तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतोच. मान सावरायची तर कंबरेला आधार हवा, पावले टेकलेली हवीत. म्हणजेच योग्य खुर्ची हवी. ती ठरवणे ऑक्युपेशनल थेरपिस्टचे काम. मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर येत असतील, तर फिजिओथेरपिस्ट आणि प्रसंगी अस्थिशल्यविशारदही लागतात. प्रत्येकाने वेगळी चिठ्ठी दिली, तर आईचा दिवस रांगांतच जातो! सर्वांनी एकत्र बसून पुढच्या काही महिन्यांचे एकच उद्दिष्ट ठरवणे, हे आमच्या मते निम्मे उपचार होत.

यातल्या ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण भारतात सुरू झाले ते परळलाच. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात त्याची शाळा काढली. पुढे १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापून उपचार आणि शाळा एका छताखाली आणल्या. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला हाच विकार. मालिनीताई पुढे लंडनला शिकल्या आणि एका बोटाने टंकून त्यांनी आत्मकथन लिहिले.

२०१६ च्या कायद्याने अशा मुलांना जवळच्या शाळेत शिकण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा या चमूत शिक्षकही आलेच. मुलीचे पाय लोंबकळत असतील, तर खाली पाट ठेवा. थेरपिस्टला शाळेतले बाक दाखवा. आणि प्रश्न विचारल्यावर थोडे थांबा. तिचे 'हो' कदाचित नजर वर उचलून येत असेल.