तीन कॉलेजं, तीन ‘येस’ आणि एक मामा!

बीबीएला अॅडमिशन मिळेना म्हणून टेन्शनमध्ये असलेले पुष्कळ भेटतात. पण दोन-तीन ठिकाणी मिळाली आणि त्यामुळेच झोप उडाली, असं कुणी पाहिलंय? आमच्या घरातच पाहायला मिळालं!

‘‘ताई, झालं! दोन्हीकडे झालं माझं!’’

जून २०२४ मधली सकाळ. मी अजून पांघरुणातच. फोनवर मामेबहीण. दोन मिनिटं दोघी नुसत्या किंचाळलो. मग तिचा आवाज एकदम खाली आला. ‘‘पण ताई, आता जायचं कुठं गं?’’

आता थोडं बॅकग्राऊंड. मामाचं गाव गेवराई, जिल्हा बीड. बसस्टँडपासून जवळच त्याचं कृषी सेवा केंद्र. कपाशीची पाकिटं, खतं, औषधं, आणि दिवसभर चहा. आमच्याकडे हुशार पोराचा रूट ठरलेला असतो. दहावीला चांगले मार्क पडले की बॅग भरायची आणि लातूर गाठायचं. तिथे दोन वर्षं घासायची, नीट किंवा जेईई द्यायची. लातूर पॅटर्नच्या बाहेर काही जग असतं, हे पाहुण्यारावळ्यांना पटवून देणं म्हणजे दिव्यच. त्यात हिने कॉमर्स घेतलं, तेही चांगले मार्क असताना! ‘पोरगी वाया गेली’ इथपर्यंत चर्चा झाली होती. आणि तीच पोरगी आता दोन ऑफर हातात घेऊन उभी.

पहिली ऑफर पुण्यातल्या एका अभिमत विद्यापीठाची. एन्ट्रन्स, इंटरव्ह्यू, सगळं पार पाडून मिळवलेली. नाव घेतलं की समोरचा ‘अरे वा!’ म्हणतो, त्या कॅटेगरीतली. दुसरी पुण्याबाहेरच्या एका खासगी युनिव्हर्सिटीची. फीमध्ये सूट देऊ म्हणत होते आणि दिवसाआड फोन करत होते. तिसरा ‘येस’ अजून यायचा होता, आणि खरी गंमत तिथेच होती.

कारण ते वर्षच वेगळं होतं. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईच्या कक्षेत आले. त्यामुळे राज्यात पहिल्यांदाच त्यांच्यासाठी सीईटी झाली, २९ मे २०२४ ला. तोवर बारावीचे मार्क दाखवले की काम व्हायचं. या नव्या परीक्षेची अनेकांना खबरच नव्हती. परिणाम काय, तर जागा लाखाच्या वर आणि परीक्षा देणारे त्याच्या निम्मेही नाहीत! मग जादा सीईटी घ्यावी लागली. मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी तर बीएमएसची पाटीच बदलून ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ केली, म्हणजे सीईटीची भानगडच नको. (याला म्हणतात मॅनेजमेंट!)

बहिणीने पहिलीच सीईटी दिली होती, पर्सेंटाइलही छान होता. पण कॅप राउंड कधी सुरू होणार, याचा पत्ता नाही. इकडे अभिमतवाल्यांची पहिल्या हप्त्याची तारीख चार दिवसांवर. हातातली सीट सोडून न आलेल्या सीटची वाट बघायची? की पैसे भरून मोकळं व्हायचं?

आणि पैसे म्हणजे कुणाचे? मामाचे. कधी? जूनच्या पहिल्या आठवड्यात! शेतीचं दुकान असलेल्या घरात हा प्रश्न किती अवघड, ते शहरात नाही कळणार. पाऊस पडायच्या आत बियाणं आणि खत दुकानात यावं लागतं. वर्षाचा धंदा त्या महिन्याभरात. सगळी कॅश मालात अडकलेली आणि गिऱ्हाईक मात्र उधारीवर. कॉलेजांच्या कॅलेंडरला खरीप हंगाम माहीत नसतो.

मामा म्हणाला, ‘‘आधी डोळ्यानं बघू, मग पैशाचं बघू.’’ तेव्हा बीडला रेल्वे नव्हती. अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, आणि आमच्या कित्येक पिढ्यांनी तिची फक्त चर्चाच केली. तर बापलेक रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी पुण्यात हजर. मी त्यांना घ्यायला गेले आणि तिथून आमची कॅम्पस टूर सुरू झाली.

अभिमतचं कॅम्पस म्हणजे एकदम झक्कास. एसी ऑडिटोरियम, काचेची लायब्ररी, लॅपटॉप घेऊन लॉनवर बसलेली पब्लिक. बहिणीचे डोळे चमकत होते, खोटं कशाला बोलू, माझेही. मग खासगी युनिव्हर्सिटीत गेलो. तिथे काऊन्सेलर मॅडमनी चकचकीत ब्रोशर हातात दिलं. पहिल्याच पानावर भलामोठा आकडा, ‘हायेस्ट पॅकेज’. मामाने चष्मा लावला, पुढचं-मागचं पान उलटून पाहिलं, आणि मॅडमना सरळ विचारलं, ‘‘पाकिटावर बोंड लई मोठं हाय. पर उगवणशक्ती कुठं लिवलीय?’’

मॅडमना काही झेपलं नाही. मला हसू आवरेना, मग डोक्यात प्रकाश पडला. बियाण्याच्या पाकिटावर फोटो कितीही भारी असो, शंभरातले किती दाणे उगवणार ते लेबलवर छापावंच लागतं. मामा तेच विचारत होता. शंभर पोरं बसली, त्यातली लागली किती? त्यांना मधला पगार किती मिळाला? ‘अॅव्हरेज’ नव्हे हं, मीडियन. एका पोराला परदेशात लॉटरी लागली की सगळ्या बॅचचा अॅव्हरेज फुगतो. मीडियन म्हणजे पगारांच्या रांगेत बरोब्बर मध्ये उभा असलेला माणूस, तो फुगत नाही. आणि हा आकडा बीबीएचा, की त्याच कॅम्पसमधल्या एमबीएचा? हेही विचारायचं असतं. आम्ही विचारलं. ‘मेल करते’ म्हणाल्या. ती मेल काही आली नाही.

मामाने मग कॅन्टीनवाल्याशी गप्पा मारल्या आणि नोटीस बोर्डावरचं टाइमटेबल वाचलं. एकाच सरांचं नाव चार विषयांपुढे पाहून मान हलवली. मी मास कॉम केलंय, इंटरव्ह्यू घेण्यावर माझं पोट चालतं. तरी त्या दिवशी सगळ्यात चांगले प्रश्न मामाने विचारले.

खासगीवर तिथेच फुली पडली. उरलं अभिमत विरुद्ध कॅप.

इथे माझी एक जुनी जखम सांगते. बारावीनंतर मीही एका ठिकाणी फी भरली आणि पंधरा दिवसांत दुसरीकडे नंबर लागला. पहिल्या संस्थेने (नाव नाही सांगत) पैसे तर दिले नाहीतच, वर ओरिजिनल मार्कशीट अडकवून ठेवली. पप्पांनी चार चकरा मारल्या. नियम तेव्हाही होते, पण आम्हाला सांगणार कोण?

म्हणून या वेळी मी आधी यूजीसीचा रिफंडचा नियम शोधून काढला. ऑक्टोबर २०१८ चा आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी सीट सोडली तर पूर्ण फी परत. प्रोसेसिंगचे म्हणून फार तर पाच टक्के कापता येतात, तेही ५,००० रुपयांच्या वर नाही. त्यानंतर उशीर होईल तशी रक्कम घसरते, ९० टक्के, ८०, ५०, आणि शेवटच्या तारखेला महिना उलटला की भोपळा. ओरिजिनल कागद अडकवून ठेवायचे नाहीत, हेही त्यात स्पष्ट आहे. अभिमत विद्यापीठांनाही हे लागू. २०२४-२५ साठी तर यूजीसीने आणखी सोय केली होती. ३० सप्टेंबरपर्यंत सीट सोडली तर पूर्ण पैसे, ३१ ऑक्टोबरपर्यंत सोडली तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीचे. तुमच्या वर्षाच्या तारखा फी भरायच्या आधी पाहून ठेवा.

हे वाचून दाखवल्यावर मामाने डिस्ट्रिब्युटरकडून खत उधारीवर घेतलं आणि अभिमतचा पहिला हप्ता भरला. म्हणजे सीट हातात आणि वाट बघायला मोकळे.

मध्येच ८ जुलैचा शासन निर्णय आला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. मामीने देवापुढे साखर ठेवली. पण यातली मेख नीट वाचा. प्रवेश कॅपमधूनच हवा. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. म्हणजे ज्या सीटसाठी हप्ता भरला होता, तिथे तिचा उपयोग शून्य! शिवाय बीबीए नुकताच एआयसीटीईकडे आलेला. मामाने दोन कॉलेजांना फोन लावले. एकाने ‘मिळेल’ म्हटलं, दुसऱ्याने ‘ऑर्डर आली की सांगू’. त्यामुळे कोर्स यादीत आहे का, हे शिष्यवृत्तीच्या खिडकीवर स्वतः जाऊन विचारणं भाग. त्यात सेतू केंद्रापुढच्या रांगा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल... एसईबीसीचा दाखला तर तेव्हा नवाकोरा होता, अर्धी गेवराई त्या रांगेत.

कॅपचं अलॉटमेंट आलं तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता. पुण्यातलं साधंसं, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. पहिली पसंती असती तर सीट आपोआप फ्रीझ झाली असती. हिची दुसरी पसंती, म्हणजे फ्रीझ करायची की बेटरमेंटला जायचं, हा आणखी एक गुंता.

त्या रात्री तिघांचा स्पीकर फोन. मी उघडपणे अभिमतच्या बाजूने. माझं म्हणणं, गावाकडच्या मुलीला डिग्रीपेक्षा ओळखी जास्त लागतात, आणि त्या लॉनवर मिळतात. बहीण शांतपणे ऐकत होती. तिने वहीत दोन्हीकडचा तीन वर्षांचा खर्च लिहिला होता, फी, कॉट बेसिसवर रूम, मेस, येणं-जाणं. चौथं ऑनर्सचं वर्ष केलं तर किती, तेही वेगळं. मग म्हणाली, ‘‘ताई, बीबीएनंतर मला कॅट द्यायचीच आहे. एमबीएला पुन्हा लाखांत लागतील. सगळं आत्ताच खर्चलं तर तेव्हा पप्पांनी काय विकायचं?’’

आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स २०११ पासून आहे. त्यात बारावीनंतर एकदाच शिरलं की थेट एमबीए होऊन बाहेर, आणि तीन वर्षांनी बीए घेऊन निघायचीही सोय. तिने तोही विचार केला असता, पण त्याची वेगळी एन्ट्रन्स असते हे आम्हाला कळलं तेव्हा फॉर्मची तारीख गेली होती. याची चुटपुट मला अजून आहे. पुण्यात राहून मला माहीत नको?

कर्जाचंही बोलणं झालं. बिनतारण शैक्षणिक कर्जाची पीएम विद्यालक्ष्मी योजना केंद्राने मंजूर केली नोव्हेंबर २०२४ मध्ये, आमचा निकाल लागून गेल्यावर. तीही ठरावीक नामांकित संस्थांपुरतीच. तुमची संस्था त्या यादीत असेल तर हिशेब बदलू शकतो.

‘‘पप्पा, मी फ्रीझ करते,’’ ती म्हणाली. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘‘लोक काय म्हणतील म्हणून तिकडं जाऊ नको, अन् माझ्या पैशासाठी इकडं येऊ नको. तुला कुठं शिकावं वाटतंय ते सांग.’’

‘‘इकडंच.’’

मला आजही वाटतं, तिने तिथेच राहायला हवं होतं. आमचा यावर दर दिवाळीला वाद होतो. तिचं म्हणणं, तिच्या वर्गात परभणी, लातूर, धाराशिवची पोरं आहेत, प्रश्न विचारायला लाज वाटत नाही. पहिल्या प्रेझेंटेशनला इंग्रजी अडखळलं तेव्हा कुणी हसलं नाही. माझं म्हणणं, हसायला हवं होतं, मग लवकर सुधारलं असतं. मामी म्हणते, आता पुरे करा दोघी.

सीट सोडल्याचा अर्ज तिने सप्टेंबर संपायच्या आत मेल केला, पोच जपून ठेवली. हप्ता ऑक्टोबरमध्ये खात्यावर जमा झाला, एक रुपयाही न कापता. मामाने त्यातून रब्बीसाठी हरभऱ्याचं बियाणं भरलं.