न्हाणीघरातला हिशेब

चावदिसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, आदल्या दिवशी आमच्या मालवणाकडे न्हाणी घासूनपुसून लख्ख होते आणि पाणी तापवायच्या भांड्याच्या गळ्यात झेंडूची माळ किंवा कारिटाचा वेल पडतो. वर्षभर काजळी खाणाऱ्या त्या भांड्याचा हा एकच मानाचा दिवस. पिढ्यांबरोबर भांडे मात्र बदलत आले. चुलाणावरचा हंडा गेला, तांब्याचा बंब आला. आता बंबाच्या जागी गिझर येत आहे. मी मराठीचा मास्तर, तेव्हा आधी शब्दांकडे वळलो तर वाचकांनी रागावू नये. ‘बंब’ या शब्दाचे नाते पोर्तुगीज ‘बोंबा’शी, म्हणजे पंपाशी, जोडतात. ‘गिझर’ हे नाव आइसलंडातल्या एका उष्ण कारंज्यावरून आले. दोघेही मुळात परदेशचे पाहुणे! म्हणून परंपरेचा वाद बाजूला ठेवून खर्चाचेच बोलू.

आमच्या घरचा बंब जुना झाला होता. बुडाचा जोड उलला होता आणि तोटी रात्रंदिवस ठिबकत होती. तो काढून दुसरे काही बसवू, असे मी म्हणताच आई म्हणाली, “फुकटचा पाणी सोडून इकतचा कित्याक रे झिला?”

प्रश्न रास्त होता. बंब हे मोठे हुशारीचे यंत्र आहे. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी. त्यामुळे उघड्या चुलीवर इकडेतिकडे वाया जाणारी बरीच धग इथे पाण्यालाच मिळते. आणि जळण म्हणाल तर माडाचेच: सोडणे, करवंट्या, चुडते, पोयी. पैसा कशाला पडतो?

तेव्हा मी कागद घेऊन बसलो. माणसे चार, प्रत्येकी वीस लिटर धरले तर पाणी झाले ८० लिटर. आमच्या किनाऱ्यावर विहिरीचे पाणी मुळातच कोमट, साधारण २६ अंशांचे. ते ४० अंशांपर्यंत न्यायचे म्हणजे केवळ १४ अंश चढवायचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. गुणाकार केला आणि वीजबिलाच्या भाषेत उत्तर काढले, तर आले जेमतेम १.३ युनिट. चार माणसांचे स्नान एवढ्यात होते!

टाकीतून निसटणारी उष्णता धरली तरी विजेच्या गिझरला दिवसाला पावणेदोन युनिट पुरावेत. युनिटला सोयीसाठी दहा रुपये धरा. महिन्याचे सव्वापाचशे होतात. वाचकांनी आपापल्या बिलातला दर घालून पाहावे. कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे चार युनिटांची उष्णता असते. तिचा चौथा हिस्सा जरी पाण्यात उतरला, तरी रोज सव्वा-दीड किलो जळण हवे. उघड्या चुलीला त्याच्या दुप्पट लागेल.

सूर्याच्या बंबाला तर इंधनच नको. पण त्याचेही नखरे आहेत. माडांच्या सावलीत तो तापत नाही, आणि काचेच्या नळ्यांवर नारळ पडला तर संपलेच. खारा वारा लोखंडी सांगाडा खातो. शिवाय जून ते सप्टेंबर आमच्याकडे सूर्यदर्शनच दुर्मिळ. गॅसचा गिझर चटकन पाणी देतो. मात्र कोंदट न्हाणीघरात तो बसवणे जिवावर बेतते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. पेटता बंबसुद्धा दार लावून आत ठेवू नये, तो याच कारणासाठी.

इतके सगळे मांडूनही आईचा ‘फुकट’ हा शब्द खोडता येईना. मग मी कागदावर आणखी एक रकाना आखला. सोडणे काथ्यासाठी विकली जातात, म्हणजे ती जाळली तर तेवढे पैसे जळतात. हे झाले किरकोळ. चुडते ओढून आणायची कोणी? ती तोडून, वाळवून, पावसाळ्याआधी पडवीत रचायची कोणी? पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ओल्या जळणावर फुंकणी मारायची, डोळे चोळायचे, खोकायचे, राख काढायची, हे कोण करीत होते? गेली पन्नास वर्षे या रकान्यात एकच नाव होते, आईचे. पुढे त्याच्याखाली माझ्या पत्नीचे आले. या कामाची पावती कधी कोणी फाडली नाही, म्हणून ते फुकट ठरले.

हा रकाना मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या सासूनपण ह्यो हिशेब कधी करूक नाय.”

आता छपरावर दक्षिणेकडे तोंड करून, माडांपासून दूर, १०० लिटरचा सूर्यबंब बसवला आहे. पावसाळ्यासाठी विजेचा लहान गिझर आहे. त्याचा काटा ५० अंशांवर. पाणी त्यापेक्षा अधिक तापवून मग त्यात गार पाणी ओतत बसण्यात काही शहाणपण नाही. जुन्या बंबाचे तांबे वजनावर गेले. तांब्याला मोडीतही चांगला भाव येतो, त्यामुळे खर्चाला थोडा हातभार लागला.

ज्यांच्या घरी बंब अजून धडधाकट आहे, त्यांनी तो उद्याच मोडीत काढावा, असे मी म्हणत नाही. फक्त हिशेब करताना तो शेवटचा रकाना कोरा सोडू नये. आणि तो भरायला घरातल्या पुरुषांनी बसू नये. ज्या पहाटे उठतात, त्यांच्याच हाती पेन्सिल द्यावी.