दोन आण्यांची बँक

१९२५ साली उडुपीत एक बँक निघाली. तिचं भांडवल होतं आठ हजार रुपये. काढणारे तिघे. त्यांपैकी उपेंद्र अनंत पै व्यापारी, वामन श्रीनिवास कुडवा इंजिनिअर आणि उपेंद्र यांचे धाकटे भाऊ तोन्से माधव अनंत पै डॉक्टर. तिघांत बँकेच्या कामात मुरलेला कोणी नव्हता. दक्षिण कानडा जिल्ह्यातल्या हातमागांवर संकट आलं होतं, विणकरांच्या हाताशी पैसा नव्हता, आणि त्यांना उभं करायचं तर गावातलाच पैसा गोळा करायला हवा, एवढा सरळ हिशेब त्यामागे होता. ‘कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट’ असं नाव मात्र दणदणीत ठेवलं. पुढे ती सिंडिकेट बँक झाली.

डॉ. पै यांचा जन्म १८९८चा, उडुपीजवळच्या कल्याणपूरचा. घरची भाषा कोंकणी, जात गौड सारस्वत. मद्रासला डॉक्टरकी शिकून ते परत उडुपीतच आले. त्यांच्याआधीही या किनारपट्टीवर बँका निघाल्या होत्या. १९०६मध्ये मंगळूरला अम्मेंबळ सुब्बराव पै यांनी कॅनरा बँक काढली, त्याच वर्षी उडुपीत हाजी अब्दुल्ला यांच्या पुढाकाराने कॉर्पोरेशन बँकेचा पाया घातला गेला. १९२४ला कर्नाटक बँक आली, आणि त्यांच्यानंतर १९३१ला विजया बँक. एका लहानशा जिल्ह्यात एवढ्या बँका का उगवल्या, याची उत्तरं अनेक दिली जातात. मला त्यातलं एक पटतं. इथे प्रत्येक समाजाला आपल्या माणसांसाठी काहीतरी उभारायची असोशी होती, आणि शेजारच्या समाजाने बँक काढली की ती अधिकच वाढे.

पण डॉ. पै यांचं वेगळेपण बँक काढण्यात नाही, १९२८मध्ये सुरू केलेल्या पिग्मी ठेवीत आहे. रोज किमान दोन आणे. बँकेचा माणूस तुमच्या दारात येणार, पैसे घेणार, नोंद करणार. मुदत संपली की व्याजासह रक्कम परत. आज यात नवल वाटणार नाही, पण तेव्हा बँकेची पायरी चढायला अंगावर बरे कपडे आणि थोडं इंग्रजी लागे. मासळी विकणारी बाई किंवा विडी वळणारा मजूर त्या पायरीकडे फिरकतही नसे. रोजची कमाई रोज संपणाऱ्या माणसाकडे महिनाअखेरीस शिल्लक उरत नाही. त्याच्याकडून पैसा घ्यायचा तर तो संध्याकाळीच, खर्च होण्याआधी घ्यायला हवा. हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातून सुचण्यासारखं नव्हे. घरोघरचे रोगी आणि त्यांची घरं पाहिलेल्या डॉक्टरला ते सुचलं असेल, असं मी समजतो.

ही कल्पना महाराष्ट्रात इतकी रुजली की तिचं मूळ गाव कोणाला आठवत नाही. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था कर्नाटकातल्या असोत की आपल्याकडच्या, दैनंदिन ठेवीला सगळे पिग्मीच म्हणतात. पानटपरीवाला, इस्त्रीवाला, भाजीवाली यांची मुलांची फी आणि लग्नकार्यं या पिग्मीवर निघाली आहेत. पिग्मीच्या तारणावर कर्जही मिळतं. या साखळीतला सर्वात दुर्लक्षित माणूस म्हणजे एजंट. ऊन-पावसात दारोदार हिंडून कमिशनवर जगणारा. तो बँकेचा कामगार ठरतो, हे मान्य करून घ्यायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागलं, आणि तो निकाल २००१मध्ये लागला.

बँक वाढली तशी पै कुटुंबही तिच्याभोवती वाढलं. उपेंद्र यांचे चिरंजीव टी. ए. पै यांनी ती देशभर नेली. पुढे ते आयुर्विमा महामंडळाचे अध्यक्ष आणि केंद्रात मंत्री झाले. घराणेशाही म्हणायची तर ही तीच. पण डॉ. पै यांनी पैसा घरात कोंडून ठेवला नाही, हेही तितकंच खरं. मणिपाळच्या ओसाड माळावर त्यांनी १९५३मध्ये कस्तुरबा मेडिकल कॉलेज सुरू केलं, पाठोपाठ इंजिनिअरिंग कॉलेज. सरकारी मदतीची वाट न पाहता काढलेलं देशातलं हे पहिलं खाजगी वैद्यकीय महाविद्यालय मानलं जातं.

इथेच त्यांच्या कामावर माझा आक्षेपही आहे. ज्याला परवडतं त्याच्याकडून जास्त घ्या आणि संस्था उभारा, हे सूत्र मणिपाळमध्ये निभावलं. देशभर त्याचं अनुकरण झालं तेव्हा मात्र त्यातून कॅपिटेशन फी नावाचा बाजार उभा राहिला. आपल्याकडे १९८०च्या दशकात निघालेल्या विनाअनुदानित महाविद्यालयांनी तो बाजार जवळून दाखवला आहे. खाजगी शिक्षणसंस्थांच्या अधिकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठाने २००२मध्ये दिलेला निकाल आजही डॉ. पै यांच्याच नावाच्या फाउंडेशनच्या खटल्याने ओळखला जातो. दोन आणे गोळा करणाऱ्या माणसाचं नाव लाखोंच्या फीच्या वादाला चिकटावं, हे मला खटकतं.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात सिंडिकेटही गेली. डॉ. पै यांना १९७२मध्ये पद्मश्री मिळाली, १९७९मध्ये त्यांचं निधन झालं. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक शेजारच्या कॅनरा बँकेत विलीन झाली आणि पाटीवरचं नाव गेलं.

पिग्मी मात्र चालूच आहे. ती भरणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट पाहून घ्यावी. पैसे बँकेत जातात की पतसंस्थेत? बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. रोज येणारा एजंट कितीही ओळखीचा असला तरी पावती मागून घ्या.